हवेची आवक-जावक

बेगमबाजारात सकाळी दुकान उघडणाऱ्या व्यापारी बंधूंना हा अनुभव नवा नाही. मार्गशीर्ष-पौषात गल्लीच्या तोंडाशी धुरकट पडदा तरळत असतो आणि घसा खवखवतो. उलट आषाढाच्या दोन सरी पडून गेल्या की तीच गल्ली स्वच्छ भासते. वास्तविक गाड्या त्याच, माल तोच आणि धूरही बहुतांशी तेवढाच. मग हा फरक कशाचा? तो हवामानाचा होय, असे आम्ही नम्रपणे निवेदन करतो.

आपले हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर वसले आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री येथील जमीन झपाट्याने निवते. तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. वखारीत आवक रोजचीच असावी, पण छप्पर खाली यावे आणि जावक थांबावी, तशी धुराची कोंडी होते. वारा मंद असल्यास ऊन चढेपर्यंत ती सुटत नाही. उन्हाळ्यात तापलेली हवा धूर उंच नेते; जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस धूलिकण धुऊन टाकतो.

ही केवळ गैरसोय नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर असेच झाकण पाच दिवस बसले. कोळशाचा धूर कोंडून, तत्कालीन अंदाजानुसार, सुमारे ४,००० माणसे दगावली. पुढे १९५६ मध्ये तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला.

आपल्या देशाने २००९ मध्ये अतिसूक्ष्म कणांची दैनिक मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ठरविली. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांत हैदराबादचाही समावेश झाला.

आकाशाचे छप्पर आपल्या हाती नाही; आवक मात्र काही अंशी आहे. माल उतरताना ट्रकचे इंजिन बंद ठेवावे, रिकामे पुठ्ठे व वेष्टने जाळू नयेत, दुकानापुढील झाडलोट पाणी शिंपडून करावी. थंडीच्या सकाळी पोते वाहणारा हमाल गादीवर बसलेल्या मालकाहून कितीतरी अधिक हवा छातीत ओढतो. हा खर्च आपल्या वहीत कोठेच नोंदला जात नाही. म्हणूनच त्याचे स्मरण ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.