अळीची कमाई, पतंगाचा खर्च

खाणे, वाढणे आणि प्रजोत्पादन करणे ही कामे बहुतेक प्राण्यांत एकच देह आयुष्यभर सांभाळतो. पूर्ण रूपांतरण होणाऱ्या कीटकांत मात्र अंडे, अळी, प्यूपा आणि प्रौढ अशा चार अवस्थांत त्यांची वाटणी झालेली असते. तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशीमकिड्यात, म्हणजे बॉम्बिक्स मोरी या पतंगात, ही वाटणी अगदी टोकाला गेलेली दिसते. कोषातून बाहेर पडणाऱ्या पतंगाचे मुखावयव निकामी असल्यामुळे तो अन्नाचा कणही घेऊ शकत नाही, आणि तरीही जोडीदाराचा शोध, मीलन आणि मादीच्या बाबतीत चारपाचशे अंडी घालणे हे सारे तो काही दिवसांत उरकतो. हा खर्च अळीने पूर्वी केलेल्या साठ्यातून भागतो आणि त्या साठ्याचा मोठा भाग चरबीच्या रूपात असतो. म्हणूनच कीटकाच्या कोणत्या अवस्थेत कोणती मेदाम्ले किती प्रमाणात आढळतात, याचा अभ्यास म्हणजे एका परीने त्या प्राण्याच्या जमाखर्चाची वही वाचणे होय.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी, जिच्या एका टोकाला आम्लगुण असलेला गट जोडलेला असतो. अशा तीन साखळ्या ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडल्या गेल्या की साठवणीची चरबी तयार होते. प्राणिज चरबी हा एकजिनसी पदार्थ नसून वेगवेगळ्या आम्लांपासून घडलेला आहे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेवरल यांनी साबणाच्या अभ्यासातून उलगडले आणि 1823 साली ते ग्रंथरूपाने मांडले. साखळीतील कार्बन अणू एकमेकांना केवळ एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर ते मेदाम्ल संपृक्त ठरते, आणि मध्ये कोठे दुहेरी बंध आला की असंपृक्त. दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो, त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटून रचले जात नाहीत आणि पदार्थ पातळ राहतो. अठरा कार्बनांचीच उदाहरणे घेतली तर एकही दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते, एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल सुमारे 13 अंशांना, तर तीन दुहेरी बंध असलेले अल्फा-लिनोलेनिक आम्ल उणे 11 अंशांच्या आसपास. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल गोठते आणि शेजारचे जवसाचे तेल मात्र वाहतेच राहते, यामागील कारणही मुख्यतः हेच आहे.

अळी आणि पतंग हे एकाच प्राण्याचे दोन टप्पे आहेत, ही आज उघड वाटणारी गोष्ट सतराव्या शतकात सिद्ध करावी लागली. 1669 साली हॉलंडमध्ये यान स्वामरडाम यांनी कीटकांच्या रूपांतरावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपीगी यांनी रेशीमकिड्याच्या अंतर्रचनेचे वर्णन करणारा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीमार्फत छापला. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची असते. चार वेळा कात टाकून आणि पाच टप्प्यांतून जाऊन साधारण पंचवीस दिवसांत तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते. कात टाकण्याचा हा काळ, ज्याला रेशीम उत्पादक मोल्ट म्हणतात, अळी न खाता डोके वर करून निश्चल बसून घालवते. आयुष्यभराच्या एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला ती पाचव्या टप्प्यातील सातआठ दिवसांत फस्त करते, आणि त्या दिवसांत संगोपनगृहात शिरले असता हजारो जबडे एकाच वेळी पाने कुरतडत असल्याचा आवाज पानांवर पडणाऱ्या पावसाच्या सरीसारखा ऐकू येतो.

खाणे केव्हा थांबवायचे आणि रूप केव्हा पालटायचे, हे दोन संप्रेरकांच्या मेळातून ठरते. छातीतील ग्रंथीतून स्रवणारे एक्डायसोन कात टाकायला लावते, तर मेंदूलगतच्या ग्रंथीतून येणारे बालसंप्रेरक अळीला अळीच ठेवते. पाचव्या टप्प्यात बालसंप्रेरकाची पातळी घसरली की पुढील कातीनंतर अळी न येता प्यूपा येतो. एक्डायसोन प्रथम शुद्ध रूपात मिळवले ते जर्मनीत आडोल्फ बुटेनांट आणि पेटर कार्लसन यांनी 1954 साली, आणि त्यासाठी रेशीमकिड्याचे सुमारे 500 किलो प्यूपे वापरून त्यांच्या हाती केवळ 25 मिलिग्रॅम पदार्थ लागला.

या खादाडीतून जे शिल्लक पडते ते मेदपिंडात जमा होते. मेदपिंड म्हणजे कीटकाच्या शरीरपोकळीत आतडे आणि कातडी यांच्यामध्ये पसरलेल्या, पांढुरक्या पदरांसारख्या दिसणाऱ्या पेशींचा समूह. माणसात यकृत आणि चरबीच्या पेशी जी कामे वेगवेगळी करतात, ती कीटकात बव्हंशी हा एकच अवयव करतो. त्यातील चरबी दोन वाटांनी येते. पाल्यातील साखरेपासून अळी स्वतः सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल बनवते, ते लांबवून स्टिअरिक आणि त्यात एक दुहेरी बंध घालून ओलेइक आम्ल तयार करते. मात्र त्यापुढचे, दोन किंवा तीन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल तिला अन्नातूनच मिळवावे लागते. हिरव्या पानांच्या पेशीपटलांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल विपुल असते, आणि तुतीचे पान त्याला अपवाद नाही. परिणामी, रेशीमकिड्याच्या प्यूप्यातील तेलात एकूण मेदाम्लांपैकी सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग याच आम्लाचा आढळतो. जवस हा ज्या मेदाम्लासाठी आहारात नावाजला जातो, तेच मेदाम्ल पानातून अळीत आणि अळीतून प्यूप्यात आलेले असते.

अशा मोजणीसाठी प्रथम ऊतीतील चरबी द्रावकांत उतरवून घेतली जाते, तिच्यातील मेदाम्लांचे सहज वाफ होणाऱ्या मिथिल एस्टरांत रूपांतर केले जाते, आणि ही वाफ वायूच्या प्रवाहाबरोबर एका लांब तापवलेल्या नळीतून सोडली जाते. नळीतील लेपाशी प्रत्येक मेदाम्ल कमीअधिक रेंगाळत असल्याने ती एकामागून एक बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचे वेगळे शिखर उमटते. वायू-द्रव वर्णलेखन नावाची ही पद्धत ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन यांनी 1952 साली मेदाम्लांवरच वापरून दाखवली. तिच्यामुळे अत्यल्प चरबीतही कोणते आम्ल किती आहे हे सांगणे शक्य झाले.

अन्नातून येणाऱ्या मेदाम्लांचे मोल किती, हे त्याआधीच पिठातील पतंगांनी दाखवून दिले होते. फ्रेंकेल आणि ब्ल्यूएट या संशोधकांनी 1946 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिठात वाढणाऱ्या इफेस्टिया जातीच्या अळ्यांना लिनोलेइक आम्ल नसलेला आहार दिला असता त्यांची वाढ मंदावली. पण खरा दोष उघडा पडला तो शेवटच्या टप्प्यात, जेव्हा पतंगांना प्यूप्याच्या कवचातून नीट बाहेर पडता येईना आणि पंखांवर खवले धरेनात. अळीच्या ताटातील उणीव पतंगाच्या पंखांवर उतरते, हे या प्रयोगाचे सार होय.

पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडते, चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चौकटीवर, चढते आणि दोनतीन दिवसांत आपल्याभोवती रेशमाचा कोष विणते. त्याच्या आत तिचे प्यूप्यात रूपांतर होते. बाहेरून निपचित दिसणाऱ्या या दहाबारा दिवसांत आत मोठी मोडतोड आणि बांधणी चाललेली असते. अळीचे अनेक स्नायू आणि ग्रंथी विरघळून जातात, आणि अळीच्या देहात आधीपासूनच राखून ठेवलेल्या पेशींच्या गुच्छांतून पंख, पाय आणि शृंगिका आकार घेतात. या काळात बाहेरून अन्न येत नाही आणि पाणीही येत नाही. एक ग्रॅम चरबी पूर्ण जळली की साखरेच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते आणि वर जवळपास एक ग्रॅम पाणीही तयार होते, त्यामुळे बंदिस्त कोषात चरबीसारखी शिदोरी दुसरी नाही. मात्र सारीच मेदाम्ले जळणासाठी जात नाहीत. काही नव्या पेशींच्या पटलांत बसतात, काही लांबवून त्यांपासून अंगावरील पाणी रोखणारा मेणचट थर बनतो, आणि मादीत मोठा वाटा अंड्यांतील बलकात जातो.

मेदाम्लाचा सर्वांत काटकसरी उपयोग मादीच्या उदराच्या टोकाशी असलेल्या गंधग्रंथीत दिसतो. तेथे पामिटिक आम्लाच्या साखळीत विकरे दोन दुहेरी बंध नेमक्या जागी घालतात, टोकाच्या आम्लगटाचे अल्कोहोलात रूपांतर करतात, आणि बॉम्बिकॉल हा गंध तयार होतो, ज्याच्या मागावर नर पंख फडफडवत मादीकडे धावतो. शतकानुशतकांच्या संगोपनामुळे हा पतंग उडणे विसरला आहे, पण गंध ओळखणे विसरलेला नाही. बुटेनांट यांच्या गटाने 1959 साली बॉम्बिकॉलची ओळख पटवली तेव्हा सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून त्यांना काही मिलिग्रॅम पदार्थ मिळाला होता. रासायनिक घडण कळलेला कीटकांचा हा पहिला कामगंध ठरला.

सर्वच कीटकांचा हिशेब असा नसतो. टोळाची पिल्ले अपूर्ण रूपांतरणातून, म्हणजे प्यूपा अवस्थेवाचून, वाढतात आणि प्रौढ टोळही खातो; पण लांबच्या उड्डाणात तो आरंभी रक्तातील साखर वापरून थोड्याच वेळात मेदपिंडातील चरबीकडे वळतो. उलट काळी सैनिक माशी ही ओल्या कचऱ्यावर वाढणारी जात रेशीमकिड्याप्रमाणे अळीपणीच साठा करून ठेवते, परंतु तिच्या अळीच्या चरबीत खोबरेलात असणारे बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल सर्वाधिक असते. खाद्यात ते नसले तरी अळी पिष्टमय पदार्थांपासून ते स्वतः बनवते. म्हणजे मेदाम्लांचा नमुना काही अंशी ताटातून येतो आणि काही अंशी कुळातून, आणि या दोहोंचे प्रमाण जातीगणिक बदलते.

महाराष्ट्राला या विषयाशी जोडणारा धागा रेशमाचाच आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड करून रेशीमकिडे पाळले जातात, जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन वृक्षांवर टसरच्या अळ्या वाढतात. कोष उकळून धागा उकलला की मागे प्यूपा उरतो, आणि काही वेळातच त्याला उग्र, खवट वास येऊ लागतो. हा वास बव्हंशी त्या तीन दुहेरी बंधांच्या मेदाम्लाचाच परिणाम आहे, कारण दुहेरी बंधांलगत हवेतील ऑक्सिजन लवकर शिरकाव करतो आणि साखळी तुटून तीव्र वासाचे लहान रेणू सुटतात. जे रसायन पेशीपटल लवचीक ठेवते, तेच मृत ऊतीत खवटपणा आणते. ताजेपणीच सुकवलेला किंवा तेल काढलेला प्यूपा कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात वापरता येतो. ईशान्य भारतात एरंडावर वाढणाऱ्या एरी रेशीमकिड्याचा प्यूपा माणसेही आवडीने खातात आणि कोरियात तुतीच्या रेशीमकिड्याचा शिजवलेला प्यूपा रस्त्यावर विकला जातो.

ताजा कोष तराजूत टाकला तर त्याच्या वजनाचा साधारण पाचवा भाग रेशमी कवचाचा आणि उरलेला जवळजवळ सगळा प्यूप्याचा असतो, पण बाजारात कोषाचा भाव मुख्यतः त्यातून किती आणि कसा धागा निघेल यावर ठरतो. पाचव्या टप्प्यात अळीला टवटवीत, पोसलेला पाला घालणारा शेतकरी आपल्या नजरेने धाग्याची सोय करत असतो. त्याच पाल्यातून प्यूप्यातील तेलही घडत असते, जे कीटकाच्या दृष्टीने पुढच्या पिढीची ठेव आहे आणि तराजूच्या दृष्टीने अजूनही केवळ वजन.