मुळशीस जातांना

आषाढ लागून डोंगराकडचा गार वारा सुटला कीं पुण्याच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो, “या रविवारीं कोठें जावयाचें?” आमचें घरही त्यास अपवाद नाहीं. गेल्या आषाढांत धाकट्या मंडळींच्या आग्रहावरून आम्ही लहानथोर अकराजण दोन मोटारींत बसून पिरंगुट, पौड या मार्गानें मुळशीस गेलों. पौड मागें पडलें, धुक्यांतून तो विस्तीर्ण जलाशय दिसूं लागला, आणि मोटारींतील गलबला आपोआप थांबला. तेवढ्यांत आमच्या आठ वर्षांच्या नातवानें विचारलें, “आजोबा, हें तळें कोणीं केलें?” सूनबाई चटकन् म्हणाल्या, “देवानें!” सूनबाई पदवीधर आहेत, मोटारींतील इतर सुशिक्षितांसही याहून अधिक ठाऊक नव्हतें. आम्हीं उभा जन्म मास्तरकी केली, आणि हा एक पाठ स्वतःच्याच घरांत घ्यावयाचा राहून गेला, याची लाज वाटली.

हें तळें देवानें केलेलें नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं येथें मुळा व निळा या नद्यांचें खोरें होतें. त्यांत मावळ्यांचीं गांवें होतीं, देवळें होतीं, आंबेमोहोर भाताचीं खाचरें होतीं. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी म्हणून टाटा कंपनीनें येथें धरण बांधावयास घेतलें, आणि १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यान्वयें सरकारनें तिला जमिनी मिळवून दिल्या. १९२१ सालच्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापति’ झाले ते याच लढ्यांत; विनायकराव भुस्कुटे हे दुसरे पुढारी. बायाही मागें राहिल्या नाहींत. तुरुंग भरले, जप्त्या झाल्या, तरी धरण उठलेंच. १९२४ च्या अखेरीस बापट पुन्हां तुरुंगांत गेले व लढा संपला. १९२७ पासून या पाण्यावर भिरा येथें वीज निघूं लागली.

या इतिहासाचें एक पान आमच्या वर्गास वाचावयास अवघड आहे. खोऱ्यांतील पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मावळा जमीन सोडीन तर प्राण सोडीन म्हणत असतां यांतील कित्येकांचें लक्ष मोबदल्याचा आंकडा कसा वाढेल इकडे होतें. मावळ्यांबरोबर ज्यांनीं तुरुंग सोसला तेही आपल्यासारखेच सुशिक्षित, आणि पैसे घेऊन ज्यांनीं हात झटकले तेही. आपल्या आजोबा-पणजोबांचें नांव यांपैकीं कोणत्या यादींत निघेल, हें जुने कागद काढल्यावांचून कोणीं खात्रीनें सांगूं नये.

भूगोलाच्या दृष्टीनेंही हा प्रकार चमत्कारिक आहे. मुळेचें पाणी पुण्यास मुठेस मिळावयाचें आणि भीमा, कृष्णा असें करीत पूर्व समुद्रास जावयाचें. धरणानें तें अडविलें आणि सह्याद्रीच्या कड्याखालीं कोंकणांत उतरविलें. भिऱ्यास वीज देऊन तें आतां कुंडलिकेंतून पश्चिम समुद्रास जातें. कोलाड येथें रबरी होड्यांत बसून जी मंडळी उसळत्या प्रवाहाची मौज लुटतात, ती मौज याच सोडलेल्या पाण्याची आहे. उलट, ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांपैकीं कित्येक वरच्या उतारांवर सरकले, आणि तळ्याकांठच्या कांहीं वाड्यांत वीज मात्र पुढें अनेक दशकें पोंचली नाहीं.

हें सारें आम्हीं मोटारींतच सांगितलें. मुलांनीं ऐकून घेतलें. पुढें ताम्हिणीच्या वाटेवर चहासाठीं एका घरीं थांबलों, तेव्हां आमच्या व्याख्यानास न मागतां पुरवणी मिळाली. घरधनीण पायास फडकें बांधून लंगडत होती. आदल्या दिवशीं भातलावणी करतांना खाचरांतील कांच तळव्यांत शिरली होती. चिखलांत कांच दिसत नाहीं. लावणी करणाराचा पाय अनवाणी असतो. रस्त्याकडेस बसून पिणारे बाटल्या खालच्या खाचरांत भिरकावतात, हें तिनें सहज सांगितलें. “कोणीं टाकली असेल हो?” असें आमच्या सूनबाईंनीं विचारलें. बाई म्हणाली, “काचंवर नाव थोडंच लिवल्यालं आस्तंय, बाई.” हें ऐकत असतांनाच आम्हांस आठवलें कीं, घाटाच्या तोंडाशीं आमच्याही मोटारीच्या खिडकींतून वेफरची पिशवी बाहेर गेली होती. कोणीं टाकली हें आम्हीं पाहिलें होतें, आणि सणासुदीसारखा दिवस कशाला नासावा म्हणून गप्प बसलों होतों. चहा घशाखालीं उतरेना. परत निघतांना पुतण्यानें मोटार थांबविली व ती पिशवी शोधून आणली. तिच्याबरोबर इतरांच्या तीस-चाळीस सांपडल्या.

शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. आजच्या पाहुण्याची तिथि पक्की ठरलेली आहे: आषाढ-श्रावणांतील प्रत्येक रविवार. हजारों पाहुणे एकाच तिथीस आल्यावर यजमानानें करावें तरी काय? पूर्वीं यात्रेस जाणारास नेम असत. देवराईंतील वाळकी काटकी कोणी उचलीत नसे. म्हणूनच माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां इतरत्र तुटलेलें रान तेथें उभें सांपडलें. ताम्हिणीचें रान २०१३ सालीं अभयारण्य झालें खरें, पण फलक लागल्यानें नेम लागतो असें नाहीं.

धबधब्यांविषयीं थोडेंच लिहितों, कारण तें लिहवत नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहांत एकाच कुटुंबांतील पांच जीव गेले. १५ जून २०२५ रोजीं मावळांतील कुंडमळ्याचा जुना पूल पाहणारांच्या भारानें कोसळून चौघे दगावले. अशा अपघातानंतर जिल्हाधिकारी बंदीचे हुकूम काढतात, आणि त्यांत हुल्लडबाजांबरोबर कणीस भाजून विकणाऱ्या पोराचाही हंगाम बुडतो. आमच्या घरीं आतां एकच नियम आहे: पावसाळ्यांत पाणी डोळ्यांनीं पाहावें, पायांनीं नव्हे.

मग जाऊंच नये कीं काय? आमचे धाकटे बंधु तसें म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. न जाण्यानें त्या बाईच्या चुलीस कांहीं लाभ नाहीं. पण घरून डबे नेऊन, तेथील हवा खाऊन, केवळ कचरा मागें ठेवून येणें हेंही सभ्यपणाचें नाहीं. जेवण तेथल्याच घरीं घ्यावें, आदल्या दिवशीं कळवून आणि भाव न करतां. तांदूळ तेथूनच आणावा. खरा आंबेमोहोर हल्लीं कमी लावतात, कारण त्याचें पीक लोळतें व उतारा थोडा; १९८७ सालीं वडगांव मावळच्या केंद्रानें काढलेल्या इंद्रायणीनें त्याची जागा घेतली. तरी विचारल्यास एखाद्या घरीं पायलीभर निघतो, आणि शिजला म्हणजे सारें घर घमघमतें. कचऱ्याबद्दल संकोच वाटणाऱ्यांनीं एवढेंच आठवावें कीं, सेनापति बापट पारनेरास असतांना स्वतः हातांत झाडू घेऊन गांवचे रस्ते झाडीत असत.

यंदा पुन्हां जावयाचें ठरलें, तेव्हां बाहेरच्या जेवणास आमच्या वहिनींनीं हरकत घेतली. चातुर्मासांत त्यांस कांदा-लसूण वर्ज्य, आणि परक्याच्या चुलीवरचें अन्नही त्यांनीं आजवर घेतलेलें नाहीं. दोन दिवस घरांत वाद चालला. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं स्वतःच त्या बाईस फोन लाविला व कांद्याचें विचारलें. “नाचणीची भाकर, वरण-भात आन् रानभाजी करते,” ती म्हणाली, “कांदा नगं तर नगं. पर मानसं किती, आन् म्हातारी किती, त्येवढं सांगा. पायऱ्या लई निसरड्या झाल्यात.” वहिनींनीं सांगितलें, “माणसें अकरा, त्यांत म्हातारीं तीन.”