दिवसा उडणारे पतंग : एका नावाची व एका परागवाहकाची चिकित्सा

१. प्रश्न

बोलीच्या सामग्रीसंकलनासाठी प्रस्तुत लेखक असोदा येथे गेला असता, भर दुपारी घाणेरीच्या कुंपणावर एक कीटक दृष्टीस पडला. फुलावर न बसता, त्याच्यासमोर हवेत स्थिर राहून तो लांब सोंडेने रस घेत होता. पंख काचेसारखे पारदर्शक, अंग हिरवट आणि शेपटाकडे काळ्या केसांचा झुबका. जवळ असलेल्या तिघांना त्याचे नाव विचारले. वृद्ध बाईंनी ‘भुंगा’ म्हटले, शेतमालकांनी ‘फुलपाखरू’ आणि त्यांच्या नातवाने नुसतेच ‘पाखरू’. ‘पतंग’ हा शब्द कोणीही उच्चारला नाही. वस्तुतः तो पतंगच होता. शास्त्रात त्याला सेफोनोडिस हायलस असे म्हणतात.

या तिन्ही उत्तरांना अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. त्या प्राण्याचे वागणे तिन्ही नावांना आधार देते. ज्या एका नावाला आधार देत नाही, ते नाव मात्र त्याचे शास्त्रीय नाव ठरते. हा विरोध कोठून उत्पन्न झाला आणि त्यामुळे आपले काय बिघडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. शब्द

‘पतंग’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘पत्’ हा धातू आहे. उडणे आणि पडणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १७७ वे सूक्त ज्या पतंगाविषयी आहे, तो कीटक नव्हे. तेथे तेजोरूप पक्ष्याची कल्पना आहे. संस्कृतात पक्षी, सूर्य आणि कीटक हे तिन्ही अर्थ या शब्दाला होते. पुढे गीतेच्या अकराव्या अध्यायातील ज्योतीवर झेप घेणाऱ्या पतंगाचा दृष्टान्त रूढ झाला, आणि शब्दाचा कीटकवाचक अर्थ दिव्याशी, म्हणजेच रात्रीशी, जखडला गेला. मराठीने हा शब्द दिव्यासकट स्वीकारला. सूर्याचे नाव असलेला शब्द रात्रीच्या जीवाला चिकटावा, ही अर्थपरिवर्तनाची एक लक्षणीय घटना होय.

‘फुलपाखरू’ हा समास याच्या नेमका उलट आहे. त्यात फूल आहे, पाखरू आहे, उजेड आहे. गंमत अशी की, फुलापुढे पाखरासारखा तरंगणारा जो पतंग, त्याला हा समास फुलपाखरापेक्षाही अधिक शोभतो. युरोपीय भाषांनी याच कुलातील मॅक्रोग्लॉसम वंशाच्या एका पतंगाला असेच पाहिले : इंग्रजीने त्याला गुंजन करणाऱ्या अमेरिकी पक्ष्याचे नाव दिले, तर जर्मनीने त्याच्या शेपटावरून ‘लहान पारवाशेपट्या’ अशा अर्थाचे.

३. वर्ग

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दिवस आणि रात्र ही वर्गीकरणाची कसोटी नव्हे. खवलेपंखी गणातील सुमारे १,६०,००० जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांपैकी फुलपाखरे सुमारे १९,००० आहेत. ही फुलपाखरे म्हणजे पतंगांच्या महावृक्षाची एक फांदी असून, ती सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दिनचर झालेल्या पतंगांपासून फुटली, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय अभ्यासात दिसून आले. तेव्हा ‘पतंग’ हा एकसंध वर्ग नाही. फुलपाखरे वगळल्यानंतर जे उरते, त्याचे ते नाव आहे.

भाषाभ्यासकाला ही रचना परिचित वाटेल. प्रमाण भाषा बाजूला काढल्यानंतर जे उरते त्याला आपण ‘बोली’ म्हणतो, आणि अहिराणी, लेवा, वऱ्हाडी यांतील अंतरे त्या एका शब्दाखाली झाकली जातात. शेष राहिलेल्यांना दिलेले नाव त्यांच्यातील भेद सांगत नाही. ते केवळ नाव देणाराची दृष्टी सांगते.

ओळखण्याच्या खुणा आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहेत. फुलपाखराच्या शृंगिकेच्या टोकाला गाठ असते. पतंगाची शृंगिका बहुधा धाग्यासारखी किंवा पिसासारखी असते. तथापि ससाणा-पतंगांच्या, म्हणजे स्फिंजिडी कुलातील पतंगांच्या, शृंगिका टोकाकडे जाड होतात आणि नवशिक्यास फसवितात. बहुतेक पतंगांचा मागचा पंख एका राठ केसाने पुढच्या पंखाला अडकविलेला असतो, ही खूण अधिक भरवशाची. सेफोनोडिसची आणखी एक विशेष गोष्ट अशी की, कोशातून बाहेर येताना त्याच्या पंखांवर राखी खवले असतात. पहिल्या उड्डाणातच ते झडून जातात व पंख पारदर्शक होतात. भुंग्याचे हे रूप पक्ष्यांना दूर ठेवण्यास उपयोगी पडत असावे. आमाटा वंशातील दिनचर पतंग याच रीतीने गांधीलमाशीचा वेष घेतात.

भारतातील ससाणा-पतंगांचा पायाभूत ग्रंथ टी. आर. बेल व एफ. बी. स्कॉट यांनी १९३७ साली सिद्ध केला. बेल हे कारवारकडील वनाधिकारी. त्यांनी अळ्या स्वतः पाळून प्रत्येकीची खाद्यवनस्पती नोंदविली. म्हणजे पंखांच्या नमुन्यावर न थांबता जीवाचा संपूर्ण व्यवहार पाहिला.

४. कार्य

पतंगाची सोंड दोन अर्धनळ्या जुळून बनते व विश्रांतीच्या वेळी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. मधमाशी पराग मुद्दाम गोळा करते. पतंगाच्या सोंडेला व तोंडावरील खवल्यांना तो नकळत चिकटतो आणि पुढच्या फुलात पोचतो. ज्या फुलाची नळी अरुंद व खोल, तेथे आखूड जिभेच्या कीटकाचा निभाव लागत नाही. सदाफुली हे त्याचे घरगुती उदाहरण : तिचा रस नळीच्या तळाशी असतो आणि तो लांब सोंडेच्या फुलपाखरांना व पतंगांनाच मिळतो.

सदाफुली मूळची मादागास्करची. त्याच बेटावरील एका ऑर्किडची सुमारे ३० सेंटिमीटर लांब मधुनलिका पाहून डार्विनने १८६२ साली असे अनुमान केले की, तितक्याच लांब सोंडेचा पतंग तेथे असला पाहिजे. १९०३ साली तशा पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. फुलाच्या आकृतीवरून न पाहिलेल्या कीटकाचे अस्तित्व सांगता यावे, इतका हा संबंध घट्ट असू शकतो.

दिनचर पतंगांना रंगांची उत्तम जाण असते. रातराणी, पारिजातक, निशिगंध ही फुले रात्रीच्या पाहुण्यांसाठी पांढरी वा फिकट व सुवासिक असतात; दिवसाच्या पतंगाला मात्र रंगीत फुलेही सापडतात, आणि कोणत्या रंगात रस आहे हे तो अनुभवाने शिकतो.

५. असोद्याचे शेत

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. या परिसरातील मुख्य पिके दिनचर पतंगावर अवलंबून नाहीत. लागवडीच्या केळीला फळ धरण्यासाठी परागाची गरजच नसते. कापूस बहुतांशी स्वपरागित असून त्याला मधमाश्यांचे साहाय्य होते. भरिताच्या वांग्याचे परागकोश टोकाच्या छिद्रांतून उघडतात. त्यातील पराग अंगाच्या कंपनाने झाडून काढणे भुंग्यासारख्या मधमाश्यांना साधते, पतंगाला नाही. पपईला ससाणा-पतंगांचा उपयोग होतो, परंतु तो मुख्यतः तिन्हीसांजेच्या पतंगांचा. दिनचर पतंगाचे क्षेत्र बांध, कुंपण, परसबाग व नाल्याकाठची झुडपे हे आहे. तेथील वनस्पतींचे बीज धरण्यात त्याचा वाटा आहे.

असे असता शेतकऱ्याच्या कानावर ‘पतंग’ हा शब्द येतो तो कोणत्या वाक्यात? कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले, प्रकाश सापळा केव्हा लावावा, या वाक्यांत. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यास सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. ज्याचे वर्षाचे उत्पन्न अळीने खाल्ले, त्याच्या भाषेत ‘पतंग’ म्हणजे शत्रू, हे स्वाभाविक आहे. परंतु नाव एक झाले की शिक्षाही एकच होते. तागावरील यूटेथीसा हा पांढऱ्या पंखांवर तांबडे-काळे ठिपके असलेला दिवसाही उडणारा पतंग पाहा : त्याची अळी तागाच्या शेंगा खाते, तर प्रौढ कीटक फुलांवर फिरतो. एकाच जीवाच्या दोन अवस्थांचा हिशेब निरनिराळा मांडावा लागतो.

फवारणीचा प्रश्नही असाच. मधमाश्या वाचाव्यात म्हणून ती सायंकाळी करावी, असा सल्ला दिला जातो. तो दिनचर पतंगालाही हितकारक आहे. तिन्हीसांजेला निघणाऱ्या पतंगाला मात्र घातक ठरू शकतो. फुलोऱ्याच्या काळात बांधावरच्या फुलांवर औषध जाऊ न देणे, हा दोघांनाही सोयीचा मार्ग होय.

६. उपसंहार

‘दिनचर पतंग’ व ‘निशाचर पतंग’ अशी जोडी रूढ करावी, एवढी सूचना शास्त्रीय लेखनापुरती पुरेशी आहे. बोलींच्या अभ्यासकांना मात्र अधिक करता येईल. प्रश्नावलीत ‘पतंगाला काय म्हणता?’ असे विचारले की उत्तरात दिवाच येतो. त्याऐवजी प्राणी दाखवावा, त्याची अळीही दाखवावी, कोणत्या प्रहरी व कोणत्या झाडावर तो दिसतो ते विचारावे, आणि मिळालेली नावे दुरुस्त न करता लिहून घ्यावीत.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) जन्मगाव. अक्षरओळख नसतानाही शेतातील बारीकसारीक जीव किती नेमकेपणाने पाहिले जातात, याची साक्ष मराठी वाचकाला याच मातीने दिली आहे. त्या वृद्ध बाईंचे ‘भुंगा’ हे उत्तर त्याच पाहण्यातून आले होते. पक्ष्यांना जो भास होतो तोच त्यांना झाला. चूक असलीच तर ती आपल्या शब्दाची आहे. त्याने दिव्याखालचा पतंग तेवढा पाहिला, उन्हातला पाहिला नाही.