दम लागणं म्हणजे नुसतं वय नव्हे

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आज पंचाहत्तरीत असलेली माणसं १९५०च्या आसपास जन्मली. लहानपणी त्यांचा घसा सुजला, ताप आला, सांधे धरले, तर हाताशी झाडपाला आणि भगत होते. पेनिसिलिनचं इंजेक्शन पाड्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हातारपणी बिघडलेल्या हृदयाच्या झडपेचा विचार इथे त्या घशापासूनच करावा लागतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमागून येणारा संधिवाताचा ताप सांधे सोडून जातो, पण हृदयाच्या झडपेवर वण ठेवून जातो. मग मायट्रल झडप वर्षानुवर्षं आकसत राहते. उतारवयातला दुसरा प्रकार म्हणजे एओर्टिक झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होणं. इथल्या एकाच पिढीत हे दोन्ही भेटू शकतात. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे 'हार्टचा त्रास आहे' एवढं सांगून भागत नाही.

उपचारांनी सत्तर वर्षांत केवढी मजल मारली! १९५०च्या दशकात परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने आकसलेली मायट्रल झडप बंद हृदयावरच मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. १९८२ साली जपानच्या कांजी इनोवे यांनी तेच काम मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन करून दाखवलं. डिसेंबर १९९०मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत पहिली भारतीय कृत्रिम झडप माणसाला बसली. परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त होती. २००२मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, कॅथेटरमधून एओर्टिक झडप बसवली. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही असं सांगून घरी पाठवलं जाई, त्या म्हाताऱ्यांसाठी ही वाट खुली झाली.

आणि यातली एक गोष्ट तर अगदी शेजारची आहे. कॅथेटरने बसवायची मायव्हॅल ही भारतीय झडप वापीच्या मेरिल कंपनीची. २०१८मध्ये तिला भारतात परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी युरोपात. तलासरीहून हमरस्त्याने गेलं तर वापी तासाभराच्याही आत. इथली तरुण पोरं कामाला रोज तिकडेच जातात. मात्र या उपचाराचा खर्च साधारण दहा लाखांच्या वर जातो.

पण माझ्या मते अडतं ते खर्चाच्या कितीतरी आधी. मुळात झडप बिघडली आहे हे कळतच नाही. दम लागतो म्हटलं की आधी दमा आठवतो, मग क्षय, आणि दोन्ही निघाले नाहीत तर 'वय झालं' हे उत्तर तयार असतं. म्हातारं माणूस आपणहून कामं कमी करत जातं: आधी डोंगरावरचं लाकूड सुटतं, मग हातपंप, मग अंगणाबाहेर जाणं. बसून राहिलं की दमही लागत नाही, म्हणून तक्रारही नसते. डॉक्टरांनी जिने किती चढता, उशा किती घेता असं विचारलं तर कुडाच्या घरात जमिनीवर निजणाऱ्या आजीने काय सांगावं? तिला विचारायला हवं, 'मागच्या पावसाळ्यात हंडा घेऊन न थांबता येत होतीस, आता किती वेळा टेकतेस? रात्री उठून भिंतीला पाठ लावून बसावं लागतं का?' मग घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का पाहावं आणि छातीला नळी लावावी. कडक एओर्टिक झडपेची खरखर छातीच्या हाडाच्या उजव्या बाजूला वर ऐकू येते, मानेपर्यंत चढते.

नळीने संशय येतो, निदान मात्र इकोनेच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच, होतं. इथे सिकलसेल आणि रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं. अंगात रक्त फार कमी असेल तर निरोगी झडपेतूनही आवाज येतो. इकोत एओर्टिक झडपेचं तोंड एक चौरस सेंटिमीटरहून लहान भरलं किंवा रक्ताचा वेग सेकंदाला चार मीटरवर गेला, तर आजार तीव्र समजतात. त्यात दम, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं सुरू झालं असेल, तर उपचाराविना बरेच रुग्ण दोन-तीन वर्षांत दगावतात.

झडप बदलली तरी काम संपत नाही. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे हे पाहणारी आयएनआर तपासणी वरचेवर. नव्या गोळ्यांनी ही तपासणी टळेल अशी आशा होती. संधिवाताच्या तापाने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्यांवर २४ देशांत नव्या-जुन्या गोळ्यांची तुलना करणारी चाचणी झाली. २०२२मध्ये निकाल आला तो जुन्याच गोळीच्या बाजूने, तिच्यावर मृत्यू कमी झाले. म्हणजे तपासणीला पर्याय नाही. दिवाळीनंतर घरची माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर, बोटीवर निघून जातात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला तपासणीला नेणार कोण? साठी-पासष्टीपुढे, जिला ही गोळी जन्मभर लागत नाही अशी जैविक झडप बसवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, त्याला इथे आणखी एक कारण मिळतं.

सरकारी योजना आल्या आणि त्यांनी खरोखर जीव वाचवले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशभरासाठीचा बालस्वास्थ्य कार्यक्रम पालघरातूनच सुरू झाला; त्यातून मुलांची हृदयं तपासली जाऊ लागली. त्याच वर्षी जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली, पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. झडपेची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मुलांसाठी पथक शाळेत जातं. आजोबांसाठी तसं पथक पाड्यावर जात नाही, आणि निदान नसेल तर योजनेचं कार्ड पेटीतच राहतं.

म्हणून मागणी साधी आहे. डहाणू, कासा आणि तलासरीच्या सरकारी रुग्णालयांत म्हाताऱ्यांच्या इकोसाठी आठवड्यातला एक वार कायमचा ठरलेला असावा आणि आयएनआर तालुक्यातच व्हावी. आणि तुमच्या घरात साठीपुढचं कोणी चालताना थांबू लागलं असेल, तर त्यांना याच महिन्यात डॉक्टरांकडे न्या आणि झडपेचा आवाज येतो का, हे स्पष्ट विचारा.