ट्रॅक्टरचा तिसरा हात

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीचें दर्शन घेण्याचा परिपाठ आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे दोन्ही बाजूंस काळ्या जमिनी, त्यांत कपाशी, सोयाबीन, आणि विहिरीला पाणी असेल तेथें मोसंबीच्या बागा दिसतात. या बागांच्या ओळींमधून हल्लीं १५ ते २८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर फिरतांना आढळतो. आपण शहरांत राहत असलों तरी गांवच्या जमिनीशीं आपला संबंध तुटलेला नसतो. शेत भाऊ पाहतो, अवजार घ्यावयाची वेळ आली कीं त्याचा निरोप येतो, "हायड्रॉलिक टॉप लिंक घ्यावी म्हणतों. दादा, थोडे पैसे पाठवाल काय?" ही वस्तु आहे तरी काय, तिची खरोखर गरज आहे कीं नाहीं, आणि असल्यास ती पारखून कशी घ्यावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

ट्रॅक्टरच्या पाठीशीं अवजार जोडण्यासाठीं तीन दांडे असतात. खालचे दोन अवजार ओढतात व उचलतात. मधला, वरचा दांडा म्हणजे टॉप लिंक. ही जोडणी रूढ करण्याचें श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडांतील यंत्रज्ञाकडे जातें. १९३६ सालीं ती असलेला त्याचा ट्रॅक्टर विक्रीस आला, आणि १९३९ सालीं हेन्री फोर्डच्या कारखान्यानें तीच पद्धति उचलली. त्यापूर्वीं नांगर ट्रॅक्टरच्या मागें नुसता अडकविलेला असे. तो खडकास अडला कीं ट्रॅक्टरचें तोंड वर उठे, आणि प्रसंगीं सारें यंत्र चालकावर उलटे. वरच्या दांड्यानें हा धोका पुष्कळ कमी केला. नांगर जमिनींत चालतांना या दांड्यावर पुढच्या बाजूला दाब येतो, आणि तो ट्रॅक्टरचें तोंड खालीं ठेवण्यास साहाय्य करतो. उलट, अवजार उचललें कीं त्याच दांड्यावर ताण येतो. दाब आणि ताण दोन्ही सोसणारा हा दांडा आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढची सर्व निवड तिच्यावर अवलंबून आहे.

या दांड्याचें दुसरें काम अवजाराचा कल ठरविण्याचें. खुरपें किती तिरपें धरावें हें जसें मनगट ठरवितें, तसें फाळानें जमिनींत किती शिरावें हें टॉप लिंकची लांबी ठरविते. ती आंखूड केली कीं फाळ खालीं तोंड करतो. लांब केली कीं तो सपाट होतो. साध्या टॉप लिंकच्या मधोमध आट्यांचा नळा असतो. चालकानें खालीं उतरून तो हातानें फिरवावयाचा. हायड्रॉलिक टॉप लिंकमध्यें त्या नळ्याऐवजीं सिलिंडर असतो, आणि तेलाच्या दाबानें दट्ट्या मागें-पुढें सरून बसल्या जागीं लांबी बदलतां येते.

आतां पहिला प्रश्न, ही सोय कोणाला हवी? ज्याच्याकडे नुसता रोटाव्हेटर आणि फवारणीयंत्र आहे, त्याची टॉप लिंक हंगामांतून दोन-चार वेळांच हलते. त्यानें आट्यांना ग्रीस लावून जुनीच वापरावी, पैसे वांचतील. परंतु बांध नीट करणें, शेत सपाट करणें, बागेंतील पाण्याचे दांड काढणें, अशीं कामें ज्याला करावयाचीं आहेत, त्याला पातें पावलोपावलीं कलतें-सरळ करावें लागतें. या भागांत पाऊस बेभरवशाचा. २०१२ सालच्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. तेव्हां पडलेलें पाणी शेतांतच मुरावें म्हणून बांध-बंदिस्ती चांगली ठेवणें हें येथें चैनीचें काम नव्हे. तें काम करणाऱ्याला ही वस्तु उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न ट्रॅक्टरला विचारावयाचा. हा सिलिंडर दोन्ही अंगांनीं तेल घेतो. म्हणून त्याला दोन नळ्या आणि तेलाची दिशा फिरविणारा व्हॉल्व्ह लागतो. कित्येक छोट्या ट्रॅक्टरांना बाहेर तेल देण्याची एकच वाट असते, तीहि ट्रॉली उलटविण्यापुरती. तिच्यावर हें काम भागत नाहीं. व्हॉल्व्ह निराळा बसवावा लागतो, आणि कधीं त्याचाच खर्च सिलिंडरहून अधिक होतो. कांहीं ट्रॅक्टरांत तेल बाहेर वळविलें कीं तेवढा वेळ मागची लिफ्ट चालत नाहीं. म्हणून किंमत विचारतांना व्हॉल्व्ह, नळ्या व मजुरी धरून विचारावी.

तिसरी गोष्ट मापाची, आणि चूक बहुधा येथेंच होते. आपल्याकडील प्रत्येक अवजार एकेक करून जोडावें, तें नीट चालतें त्या वेळीं जुन्या टॉप लिंकची लांबी एका पिनीच्या मध्यापासून दुसऱ्या पिनीच्या मध्यापर्यंत मोजावी, आणि आंकडे लिहून ठेवावे. समजा, सर्वांत कमी ४६ आणि सर्वांत जास्त ५८ सेंटिमीटर भरलें. तर मिटलेली ४४ आणि उघडलेली ६० सेंटिमीटर होणारी टॉप लिंक योग्य. मोठ्या ट्रॅक्टरची लांब लिंक स्वस्त मिळाली म्हणून आणली, तर ती ४६ पर्यंत मिटणारच नाहीं, आणि नांगर जमिनींत शिरणारच नाहीं. फार आंखूड होणारीहि घातक. उचललेलें अवजार पुढें झुकून चाकाला लागतें, किंवा रोटाव्हेटर फिरविणारा दांडा नको तितका वाकतो.

पिनीचेंहि माप असतें. पहिल्या वर्गाच्या जोडणींत वरची पिन १९ मिलिमीटर जाडीची, दुसऱ्या वर्गांत सुमारें २५ मिलिमीटरची. छोटे ट्रॅक्टर बहुधा पहिल्या वर्गांत मोडतात. मोठ्या भोकांत बारीक पिन घालून काम भागवूं नये. ती खडखडून भोक लंबवर्तुळ करते आणि एक दिवस तुटते.

आतां शक्तीचा विचार. दुकानदार जाड सिलिंडराची थोरवी सांगतो. आपण हिशेब करूं. अडीचशें किलोंचें अवजार आहे, त्याचा भार खालच्या कड्यांच्या मागें ६० सेंटिमीटरवर पडतो, आणि वरची कडी खालच्यांपासून ४६ सेंटिमीटर उंच आहे. तर उचलल्यावर टॉप लिंकवर सुमारें सव्वातीनशें किलोंचा ताण येईल. खाचखळग्यांचे हिसके धरून तो तिप्पट माना. तरी एक हजाराच्या आंत-बाहेर. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि २५ मिलिमीटरचा दांडा घेतला, तर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोंच्या दाबानें तो २,९०० किलोंनीं ढकलतो आणि २,२०० किलोंनीं ओढतो. ओढण्याची शक्ति कमी, कारण दांड्यानें दट्ट्याची कांहीं जागा अडविलेली असते. तात्पर्य, छोट्या ट्रॅक्टरला एवढा सिलिंडर पुरून उरतो. अधिक जाड घेतला तर तो हळू सरकेल, आणि वजन व किंमत मात्र वाढेल.

जाडीवर वांचलेला पैसा लॉक व्हॉल्व्हवर घालावा. हा व्हॉल्व्ह सिलिंडरांतील तेल दोन्ही बाजूंनीं अडवून धरतो. तो नसेल तर तेल हळूहळू झिरपतें, दांडा सरकतो, आणि सकाळीं लावलेला कल दुपारीं राहत नाहीं. नळी फुटली तरी हा व्हॉल्व्ह अवजार एकदम झुकूं देत नाहीं. अर्थात् तो सिलिंडरालाच जडविलेला असला तर. परीक्षा सोपी आहे. अवजार उचलावें, आजूबाजूस कोणास उभें राहूं देऊं नये, इंजिन बंद करावें, आणि सिलिंडराबाहेर दिसणाऱ्या दांड्याची लांबी बाजूनें मोजून पुनः अर्ध्या तासानें मोजावी. फरक पडला तर माल परत करावा.

आट्यांच्या लिंकमध्यें किती फेरे दिले हें मोजतां येई. सिलिंडरांत तें कळत नाहीं. म्हणून बाजूला मोजपट्टी असलेली लिंक पसंत करावी. नसेल तर सिलिंडराला एक सळई बांधून तिच्यावर प्रत्येक अवजाराची खूण करावी. चकचकीत दांड्यावर मात्र खुणेचा ओरखडा काढूं नये. त्यानें सील फाटतें.

शेवटीं जिवाच्या दोन गोष्टी. रुतलेली गाडी ओढण्यासाठीं टॉप लिंकच्या कडीला सांखळी कधींहि बांधूं नये. ओढ आंसाच्या वर गेली कीं ट्रॅक्टर मागें उलटतो. फर्ग्युसनच्या जोडणीनें टाळलेला अपघात आपणच ओढवून घेतों. दुसरी अशी कीं, तेलाची गळती हातानें चांचपूं नये. पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडींत शिरते. वरून टोंचल्याएवढी खूण दिसते, आंत मात्र हात सडूं लागतो. असें झाल्यास घरगुती उपाय न करतां त्याच घटकेला शस्त्रवैद्याकडे न्यावें.

श्रोतेहो, भावाचा निरोप आला म्हणजे "हो" किंवा "नको" असें एकदम कळवूं नका. त्याला एवढेंच सांगा कीं, मापाचे आंकडे, पिनीची जाडी आणि तेलाच्या वाटा किती हें कागदावर लिहून पाठव. तो कागद घेऊन तुम्ही शहरांतील चार दुकानें पाहा. पैसा तुमचा असला तरी त्या आसनावर बसणारा तो आहे. आणि मोजून घेतलेली वस्तु त्याच्या हातालाहि सुख देईल आणि जमिनीलाहि.