पंच करा, पण पातेली दोन ठेवा

द्राक्षाचा हंगाम उरकला, मालाची शेवटची गाडी रवाना झाली, की आमच्या भागातले बरेच बागायतदार मळ्यात एक जेवण घालतात. तोडणीच्या बाया, गडी, भावकी, सोसायटीचे सभासद, झालंच तर मुंबई-पुण्याचे पाव्हणे. पूर्वी जेवणाआधी लिंबू सरबत फिरायचं. आता निफाड, दिंडोरीकडे काही मळ्यांत वाइनमध्ये फळं घालून केलेला पंच फिरताना दिसतो. वाइनची द्राक्षं आपल्याच शिवारात पिकतात, तेव्हा नवल नाही. पण तो करताना काय सांभाळावं हे कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. तीन वर्षांमागची गोष्ट. एका ओळखीच्या बागायतदाराने गळ घातली, "साहेब, तुम्ही फळप्रक्रिया शिकलेले. पंच तुम्हीच करा." पदविकेला असताना सरबतं, स्क्वॅश केलेली, त्यामुळे मीही हो म्हणालो. पंच छान झाला. लालभडक रंग, वर डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या चकत्या. पोरांनी ट्रे भरून फिरवायला घेतले. घरच्या आत्याबाई पडवीत बसलेल्या, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जाणाऱ्या. त्यांनी विचारलं, "कसलं रे हे?" पोरगं म्हणालं, "द्राक्षाचं सरबत." अर्धा पेला त्यांनी घेतला, तेव्हा कुठे सुनेच्या लक्षात आलं.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. पेला खाली ठेवला, चूळ भरली, जेवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो तर एवढंच म्हणाल्या, "द्राक्षं आपलीच आहेत बाबा. पण सांगून द्यायचं." ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. पोराची चूक नव्हती. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. चूक पातेलं करणाऱ्याची, म्हणजे माझी.

पंच म्हणजे काय?

हा शब्द आपल्या 'पाच'वरूनच गेला असं बरेच अभ्यासक मानतात. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची माणसं इकडे आली आणि इथली दारू, साखर, लिंबू, पाणी व मसाला असे पाच जिन्नस एकत्र करून प्यायला लागली. तेच पेय जहाजातून विलायतेला गेलं. स्पेन-पोर्तुगालकडे वाइनमध्ये फळं घालतात, त्याला सांग्रिया म्हणतात. आपला मळ्यातला पंच या दोन्हींच्या मधला.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फळांचा गोडवा आणि लिंबाची आंबटी वाइनची चव झाकतात. चव झाकली तरी अल्कोहोल जात नाही. म्हणूनच पंच फसवा. नुसती वाइन जिभेला लगेच कळते, पंच कळत नाही.

पंधरा जणांचं प्रमाण

लाल वाइनच्या २ बाटल्या (७५० मिलीच्या), ताजा संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस ७५० मिली, साधा सोडा ७५० मिली, दोन लिंबांचा रस, साखर चवीपुरती, दालचिनीचा एक तुकडा, तीन-चार लवंगा. फळांमध्ये भगवा डाळिंबाचे दाणे एक वाटी, द्राक्षं पाव किलो, एक कडक पेरू किंवा सफरचंद. लाल वाइन शिराझ किंवा झिनफँडेलची चालते. भारी बाटली पंचात घालू नये, तिची चव फळांखाली जाते.

वाइन, रस, लिंबू, मसाला आणि फळं एकत्र करून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवावीत. लवंगा-दालचिनी तासाभराने काढून घ्याव्यात, नाहीतर पंच काढ्यासारखा लागतो. सोडा मात्र वाढायच्या वेळी. आधी घातला तर फेस मरतो. बर्फ पातेल्यात न टाकता पेल्यात टाकावा, म्हणजे पातेलं पाणचट होत नाही.

आता हिशेब. एकूण पंच ३ लिटर, २०० मिलीचे १५ पेले. वाइनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल धरलं तर पंचात ते साडेसहा टक्के उतरतं. म्हणजे एका पेल्यात १०० मिली वाइन गेली. दोन पेल्यांत २०० मिली. तीन पेले झाले की माणसाने ३०० मिली, म्हणजे बाटलीचा बराच हिस्सा घेतलेला असतो, आणि त्याला वाटतं मी सरबत प्यालो. असा माणूस मोटारसायकलला किक मारतो तेव्हा काय होतं, ते सांगायला नको.

फळांची निवड

इथे आपण शेतकरी शहरवाल्यांपेक्षा पुढे आहोत, कारण फळ कधी तोडलं हे आपल्याला ठाऊक असतं. पंचात फळ सालीसकट जातं. तेव्हा शेवटच्या फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ पूर्ण झालेल्या प्लॉटचीच द्राक्षं घ्या. 'घरचंच तर आहे' म्हणून हा नियम मोडू नका. घड वाहत्या पाण्यात नीट धुवा.

घडातून सुटलेले टणक, स्वच्छ मणी बाजारात कवडीमोल जातात, पंचाला ते उत्तम. तडकलेले, बुरशी धरलेले मणी मात्र नकोत. संत्र्या-मोसंबीच्या सालीखालचा पांढरा गर रात्रभर मुरला की कडूपणा उतरतो, म्हणून चकत्या शेवटच्या तासाला घाला. केळी आणि पिकली पपई टाळा. केळं काळं पडतं, पपई लगदा होते. महाबळेश्वरची असो की सुरगाण्याची, स्ट्रॉबेरी वाढताना वरून घालावी.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. पितळेचं घंगाळ किंवा तांब्याचा हंडा शोभेला छान दिसतो, पण आंबट रसाने धातू उतरतो आणि कल्हई गेलेली असेल तर पोटाला अपाय होतो. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच, मासळी झाकायच्या लादीचा नको.

दुसरं पातेलं

हे पातेलं आधी करा, वाइनचं मागून. काळी द्राक्षं ३ किलो, शरद सीडलेस चालतील. मणी सोडवून, धुऊन, हाताने कुस्करावेत. मंद आचेवर हाताला चांगले चटके बसतील इतपत, साधारण ६० ते ६५ अंशांवर, दहा मिनिटं ठेवावेत. उकळी येऊ देऊ नये. सालीचा रंग रसात उतरतो. मग मलमलच्या फडक्यातून गाळावं. पावणेदोन ते दोन लिटर रस मिळतो. गार करून त्यात लिंबू, आल्याचा रस, चिमूटभर सैंधव घालावं. फळं व सोडा वरच्यासारखाच. रंग, थाट, चव कशातही हे पातेलं कमी पडत नाही. आमच्याकडे आता हेच आधी संपतं.

रस त्याच दिवशी वापरा, फार तर एक रात्र फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर आंबायला लागतो, त्याचीच दारू व्हायला लागते, आणि बूच घट्ट असेल तर बाटली फुटते. कोकणातल्या बंधूंनी द्राक्षाऐवजी कोकमाचं आगळ वापरावं.

कायद्याचं तेवढं पाहा

रस मुद्दाम आंबवून घरी वाइन करणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ त्याला लागू होतो. द्राक्ष आपलं असलं तरी सुटका नाही. २१ वर्षांखालच्या कोणालाही वाइन देता येत नाही. कृषी पर्यटन केंद्रवाल्यांनी पाव्हण्यांना पंच विकण्याआधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन परवान्याचं विचारावं. कार्यक्रमापुरता एक दिवसाचा परवानाही मिळतो. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथल्या वाचकांनी दुसरंच पातेलं करावं.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणं. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर व पलूसला वाइन पार्क उभे राहिले, त्यातून काही शेतकऱ्यांना वाइनच्या द्राक्षाचं पीक मिळालं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा केवढा वाद पेटला तेही आपण पाहिलं. दोन्ही बाजूंना शेतकरीच होते. ज्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या गावात जाऊन 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सांगू नये. त्या बायांनी काय सोसलंय हे त्यांना ठाऊक. कोणाच्या घरात दारूने कोण गेलं, हे पंच वाढणाऱ्याला माहीत नसतं.

म्हणून आता मी चार गोष्टी पाळतो. पातेली दोन, दोन टोकांना. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात पाटी: 'वाइन आहे' आणि 'वाइन नाही'. पेले वेगळे, वाइनचे काचेचे, बिनवाइनचे स्टीलचे, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळतं. आणि वाइनच्या पातेल्याशी एक जाणता माणूस, जो स्वतः पीत नाही. ट्रे फिरवणं बंद. ज्याला हवंय तो उठून येईल.

मागल्या हंगामाच्या जेवणाला आत्याबाई पुन्हा पडवीत होत्या. मी स्टीलचा पेला घेऊन गेलो आणि म्हणालो, "आत्या, यात नुसती द्राक्षं आहेत. मी स्वतः गाळलंय." त्यांनी पेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. सगळा पेला संपवला आणि सुनेला म्हणाल्या, "अजून थोडं आण गं."