मेंढ्यांनीं हाकललेले आणि मेंढ्या घेऊन आलेले

ज्यानें स्वतः दुःख भोगलें त्यास परदुःख कळतें, असें आपण घरोघरीं मुलांस शिकवितों. इतिहास मात्र या वचनास नेहमींच साक्ष देत नाहीं. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखांतून ऑस्ट्रेलियांत गेलेल्या लोकांची हकीकत या दृष्टीनें मननीय वाटल्यावरून ती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील जमीनदारांस असें दिसून आलें कीं, कुळांच्या खंडापेक्षां मेंढ्यांचें उत्पन्न अधिक. झालें! पिढ्यान्‌पिढ्या नांदलेलीं कुळें उठवून त्या जागीं मेंढ्या सोडण्याचा सपाटा सुरू झाला. १८१४ सालीं स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यांत घरांस आगी लावल्याचा आरोप पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर आला. १८१६ सालीं खटला चालून तो निर्दोष सुटला. पुढें १८४६ पासून बटाट्याचें पीक बुडालें आणि उपासमारीनें उरलेलें काम केलें. हजारों लोकांनीं साश्रु नयनांनीं समुद्र ओलांडला.

अँगस मॅकमिलन हा १८१० सालीं स्काय बेटावर जन्मलेला गृहस्थ याच मुलखांतला. त्याचें स्वतःचें घर कोणी जाळलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्या लोकांची ती दैना त्याच्या डोळ्यांआड खास नव्हती. १८३८ सालीं तो ऑस्ट्रेलियांत उतरला व लवकरच गुरामेंढ्यांसाठीं नवीं कुरणें शोधूं लागला. आग्नेयेकडील जो सुपीक प्रदेश त्यास आढळला, त्याला त्यानें ‘कॅलिडोनिया ऑस्ट्रॅलिस’, म्हणजे दक्षिणेचें स्कॉटलंड, असें नांव दिलें. आज त्यास गिप्सलंड म्हणतात.

पण ती भूमि ओसाड नव्हती. गुनाइकुर्नाई लोक तेथें हजारों वर्षें नांदत होते. मेंढ्या आल्या, शिकार हटली, पाणवठे गेले, आणि झगडा जुंपला. १८४३ सालीं रोनाल्ड मॅकॅलिस्टर या वसाहतवाल्याचा वध झाला. त्याचा सूड म्हणून घोडेस्वारांच्या टोळीनें वॉरिगल ओढ्याकांठीं बायकामुलांसह कित्येकांस गोळ्या घातल्या. मृतांची संख्या कोणी साठ सांगतात, कोणी दीडशेंहून अधिक. मॅकमिलन हाच या टोळीचा म्होरक्या होता असें अनेक इतिहासकार मानतात. कोणावरहि खटला झाला नाहीं. आश्चर्य हें कीं, हाच गृहस्थ पुढें त्या लोकांचा सरकारी पालक नेमला गेला!

१८६५ सालीं तो वारला व त्याचीं स्मारकें उभीं राहिलीं. परंतु काळ उलटला. २०१० सालीं न्यायालयानें गुनाइकुर्नाईंचा भूमीवरील हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या निवडणुकीपासून मॅकमिलनचें नांव मतदारसंघावरून उतरलें.

आगींत होरपळलेला मनुष्य दुसऱ्याच्या घरास चूड कसा लावतो? आम्हांस वाटतें, दुःख आपोआप दया शिकवीत नाहीं. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेंच जो मुलांस सांगतो, तो त्यांच्या हातीं उद्याची चूड देतो. ‘असा अन्याय कोणावरहि होऊं नये’ हें पुढचें वाक्य शिकविणें हेंच वडील मंडळींचें काम होय.